खोटी कुस्ती आणि खरी वर्गणी

आमच्या घरात सध्या वाटाघाटी चालू आहेत. एका बाजूला आमचा बारा वर्षांचा नातू, दुसऱ्या बाजूला त्याचे आईवडील, आणि मध्ये पंच म्हणून मी. विषय रियाध. सौदी अरेबियाच्या या राजधानीत २०२७ साली ‘रेसलमेनिया’ भरायची आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ही बातमी जाहीर झाली आणि त्याच दिवशी आमच्या नातवाला आठवण झाली, की आपला सख्खा मामा रियाधला नोकरीला आहे. गेली सहा वर्षे तो बिचारा दर दिवाळीला खजूर पाठवतो आहे. खजूर खाताना ते कुठून येतात, याची चौकशी या मुलाने कधी केली नव्हती. आता मामाची तब्येत, मामाचे घर, घरात जादा गादी आहे की नाही, स्टेडियम घरापासून किती लांब, अशी सगळी विचारपूस रोज फोनवर चालते. रक्ताचे नाते ते रक्ताचे नाते!

रेसलमेनिया म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांच्या घरी शाळकरी मूल नाही असे समजावे. ही अमेरिकन मल्लांची वार्षिक जत्रा. पहिली भरली ३१ मार्च १९८५ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. त्या दिवशी रविवार होता. माझ्या चांगला लक्षात आहे, कारण रविवार असूनही मी सरकारी हिशेब खात्यात बसून वर्षअखेरीची एक रक्कम जुळवत होतो आणि ती जुळत नव्हती. तिकडे रिंगणात कोण कोणाला आपटत होता ते मला माहीत नव्हते. इकडे मला साडेतीन रुपयांनी चारीमुंड्या चीत केले होते. तेव्हापासून ही जत्रा दरसाल भरते. अमेरिका आणि कॅनडा सोडून ती आजवर कुठे गेली नव्हती. रियाध ही तिची पहिलीच एवढी लांबची वारी.

आमच्या डोंबिवलीला या जत्रेची झळ दरवर्षी लागते. अमेरिकेत रात्र म्हणजे इथे पहाट. परीक्षेसाठी ज्याला सातला उठवताना घरातल्या तीन माणसांचा घसा बसतो, तो मुलगा त्या दिवशी पहाटे चारला आपणहून उठून, दात घासून, टीव्हीपुढे बसलेला असतो. २०२५ च्या एप्रिलात लास वेगासला जॉन सीना जिंकला, तेव्हा या मुलाने जी आरोळी ठोकली तिने खालच्या मजल्यावरची दोन कुत्री जागी झाली. “आजोबा, सतरा वेळा! सतरा वेळा वर्ल्ड चॅम्पियन!” मी हिशेब खात्यातला माणूस. म्हटले, “अरे, सतरा वेळा जगज्जेता व्हायचे, म्हणजे सोळा वेळा पट्टा घालवावा लागतो.” त्या सबंध दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. पुढे डिसेंबरात सीना हरून निवृत्त झाला. त्या रात्री तो जेवला नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या घरात श्रीखंड होते.

मुलाच्या विरोधात सर्वांत मोठा आवाज त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या चिरंजिवांचा. हे मात्र मला पटत नाही. याच चिरंजिवांच्या दप्तरात १९९३-९४ च्या सुमारास भूगोलाच्या पुस्तकापेक्षा पैलवानांचे पत्ते जास्त निघत. अंडरटेकर मरतो आणि पुन्हा जिवंत होतो, हे त्याने माझ्या आईला इतक्या वेळा सांगितले, की तिने त्याला अश्वत्थाम्याच्या पंक्तीला बसवले होते. तेव्हा या कंपनीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होते. तीच अक्षरे वन्यप्राण्यांचे रक्षण करणाऱ्या संस्थेचीही होती. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले, पैलवान हरले आणि २००२ साली त्यांना नाव बदलावे लागले. त्या संस्थेचे चिन्ह पांडा. म्हणजे हल्क होगन, अंडरटेकर आणि मंडळी ज्यांना कोणी आवरू शकले नाही, त्यांची पाठ शेवटी एका अस्वलाने मातीला लावली. ही एकच कुस्ती खरी झाली असावी.

तर आता मुद्द्यावर येतो. माझे भांडण नातवाशी नाही, चिरंजिवांशीही नाही. माझे भांडण आहे आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांशी, आणि त्यांच्यासारख्या तमाम सुशिक्षित डोंबिवलीकर, कल्याणकर आणि ठाणेकर मंडळींशी.

मास्तर संध्याकाळी गणपतीच्या देवळावरून परत येताना आमच्याकडे डोकावतात. टीव्हीवर दोन माणसे एकमेकांना खुर्च्या मारत असली, की दारातूनच निकाल देतात, “सगळं खोटं असतं हो! आधी ठरलेलं!” आणि मग असे काही पाहतात, की न्यूटनला सफरचंद पडताना दिसले तेव्हा त्याचाही चेहरा एवढा समाधानी झाला नसेल.

मास्तर, हा शोध तुमचा नव्हे. १९८९ साली त्या कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळाला सांगितले, की आमचा हा खेळ नाही, ही करमणूक आहे. सांगण्याचे कारण अगदी आपल्या ओळखीचे, सरकारी नियम आणि कर चुकवणे. खेळ म्हटले की क्रीडा खात्याची देखरेख आली, डॉक्टर आला, कर आला. करमणूक म्हटले की सुटका. थोडक्यात, ज्यांना तुम्ही खोटे म्हणता, त्यांनी आपला खोटेपणा सरकारदरबारी लिहून दिला आहे. किती खऱ्या माणसांनी एवढे केले आहे?

आणि ठरवून केलेली कुस्ती आपल्याला नवी थोडीच आहे? मराठीत तिला ‘नुरा कुस्ती’ असा खास शब्द आहे. ज्या गोष्टीला खास शब्द असतो ती गोष्ट गावात होऊन गेलेली असते. आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभाच घ्या. कोण उभा राहणार, कोण ‘मी राजीनामा देतो’ म्हणणार, कोण ‘नको नको’ म्हणून त्याला हाताला धरून बसवणार, आणि पार्किंगचा ठराव पुढच्या सभेपर्यंत कसा लांबणीवर पडणार, हे सगळे आदल्या रात्री गच्चीवर ठरते. लग्नाच्या याद्या, कचेरीतल्या मुलाखती, निवडणुकीतल्या शपथा... जाऊ द्या. गडकरी रंगायतनमध्ये तिसऱ्या अंकात नायक मेला, तर मास्तर रुमाल काढतात. पडदा पडल्यावर उठून “तो मेला नव्हता हो!” असे ओरडताना मी त्यांना पाहिलेले नाही.

लहानपणी मीसुद्धा असलेच पाहिले आहे. आमचे काका मला कल्याणहून लोकलने घेऊन वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’ बघायला नेत. दारासिंग होता, अगडबंब किंगकाँगच्या गोष्टी होत्या. १९६८ साली दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आठवडाभर उशीला पाडत होतो. त्यांतल्या किती कुस्त्या खऱ्या, किती ठरलेल्या, याचा काकांनी कधी ऊहापोह केला नाही. पुढे तोच दारासिंग दूरदर्शनच्या रामायणात हनुमान झाला, आणि आमच्या आईने टीव्हीला हळदकुंकू वाहिले.

शिवाय निकाल ठरलेला असला, तरी आपटणे ठरवून होत नाही. शंभर किलोचा माणूस आठ फुटांवरून पाठीवर पडला, की पाठीला ते खरेच वाटते. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीला ओवेन हार्ट नावाचा मल्ल छतावरून दोराने खाली उतरण्याचा देखावा करताना सुटून पडला आणि मेला. त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू राहिला. यात खोटे काय होते ते मास्तरांनी मला सांगावे.

मग तुझी तक्रार तरी काय, असे तुम्ही विचाराल. सांगतो. एकदा मी मास्तरांना विचारले, “बरं, हे खोटं. तुम्ही खरी कुस्ती शेवटची केव्हा बघितली?” मास्तर विचारात पडले. बराच वेळ पडले. मग म्हणाले, “दंगल.”

इथे माझे डोके फिरले. ‘दंगल’ हा सिनेमा आहे हो! ‘सुलतान’ही सिनेमाच. दोन्ही एकाच वर्षी, २०१६ साली, आले आणि आपण मध्यमवर्गीयांनी पॉपकॉर्न खात कुस्तीवरचे आपले ऋण फेडून टाकले. मुळात आपल्या लेखी कुस्ती म्हणजे ज्याला अभ्यास जमत नाही त्याचा उद्योग. व्यायाम म्हणजे बारा सूर्यनमस्कार, तेही चैत्रापासून करायचे ठरवलेले. ज्या माणसाने खऱ्या कुस्तीसाठी आयुष्यात एक रुपया सोडला नाही, एक तिकीट काढले नाही, मैदानाच्या कडेला दहा मिनिटे उन्हात उभा राहिला नाही, त्याने दुसऱ्याच्या कुस्तीला खोटी म्हणावे? हा अधिकार त्याला दिला कोणी? ‘खोटं असतं’ म्हटले की दोन फायदे होतात. आपण शहाणे ठरतो, आणि खऱ्याचे काही देणे लागत नाही.

यात मी स्वतःला वगळत नाही. उलट माझ्यावरचा आरोप जास्त गंभीर आहे.

आमच्या सोसायटीला एक पहारेकरी आहे. शिराळ्याकडचा. वय पन्नासच्या आसपास, मान खांद्यातच रुतलेली, आणि दोन्ही कान मुरगळून वाळलेल्या अंजिरासारखे झालेले. पैलवान ओळखावा तो कानांवरून. तरुणपणी त्याने पंचक्रोशीतल्या जत्रा गाजवल्या होत्या. मग गुडघा गेला, तालीम सुटली आणि डोंबिवलीत आमच्या फाटकावर तो गाड्यांचे नंबर लिहायला लागला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो मला म्हणाला, “सायेब, जरा बोलायचं हुतं. माझ्या भावाचं पोरगं तालमीत हाय. अंगानं चांगलं हाय, डाव लगेच उचलतंय. पन खुराकाला कमी पडतंय. दूध, तूप, बदाम, न्हाई झेपत भावाला. सोसायटीनं वर्साला पाच हजार दिलं तर पोरगं उभं ऱ्हाईल.”

मी तेव्हा सोसायटीचा चेअरमन होतो. विषय रीतसर समितीपुढे ठेवला. सेक्रेटरी म्हणाले, “‘पैलवान’ या शीर्षाखाली तरतूद नाही.” खजिनदार म्हणाले, “आज पैलवान झाला, उद्या कोणी भाच्याला तबला शिकवायला पैसे मागेल.” हेडमास्तर म्हणाले, “तत्त्वाचा प्रश्न आहे.” कोणते तत्त्व ते त्यांनी सांगितले नाही. अर्ज फेटाळला गेला. त्याच बैठकीतला पुढचा विषय होता, मुलांच्या आग्रहास्तव रेसलमेनियासाठी क्लबहाउसमध्ये मोठा पडदा भाड्याने आणणे. खर्च आठ हजार. शीर्ष, ‘सांस्कृतिक’. मास्तरांनी “सगळं खोटं असतं” एवढे नोंदवून घेतले आणि ठराव मंजूर झाला. दोन्ही ठरावांखाली सही माझी आहे. हिशेब खात्यात चाळीस वर्षे काढली, पण इतकी चुकीची नोंद मी कधी केली नव्हती.

पैलवानाला निकाल सांगायला मीच गेलो. तो म्हणाला, “ऱ्हाऊं द्या सायेब. तुमी इचारलं तरी.” आणि समोरून येणाऱ्या मोटारीसाठी फाटक उघडायला धावला. गुडघ्याने लंगडत.

त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथे जायचे कसे? गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पाहा, हे खर्डेकरही मास्तरच होते! पदक घेऊन आल्यावर कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि त्यानंतर या ऑलिंपिक वीराने काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढला आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. पुढचे वैयक्तिक पदक देशाला मिळायला १९९६ साल उजाडले. चव्वेचाळीस वर्षे! मधल्या काळात पोरे नव्हती असे नाही. खर्डेकर नव्हते. आमच्यासारख्या समित्या मात्र भरपूर होत्या.

यावर मास्तरांकडे एक हुकमी डाव आहे. म्हणतात, “तुमची ती खरी कुस्ती तरी कुठे धड राहिली आहे? दोन-दोन संघटना, दोन-दोन महाराष्ट्र केसरी. परवा २०२५ साली अहिल्यानगरला तर पैलवानाने पंचाला लाथ मारली!” मारली खरी. मी बचाव करत नाही. पण पुढे काय झाले ते बघा. त्या पैलवानावर तीन वर्षांची बंदी घातली गेली. टीव्हीवरच्या कुस्तीत पंचाला लाथ मारली की टाळ्या पडतात आणि पुढच्या आठवड्याचा पगार वाढतो. मातीत लाथ मारली की उमेदीची वर्षे जातात. ज्या ठिकाणी चुकीची किंमत मोजावी लागते ते ठिकाण खरे. आणि खरी गोष्ट सडायला लागली, तर तिच्याकडे लक्ष ठेवायला चार जाणती माणसे कडेला उभी असावी लागतात. ती चार माणसे या वेळी ‘दंगल’ बघत होती.

म्हणून वाटाघाटींत मी पंच या नात्याने निवाडा दिला. नातवाला रियाधला जायचे असेल तर जाऊ दे, मामा आहे, गादी आहे. रियाधचे घड्याळ आपल्यामागे अडीचच तास, म्हणजे ज्यांना जाता येणार नाही त्यांची पहाटेची झोपही बहुधा वाचेल. पण अट एक. आधी माझ्याबरोबर एक खरी कुस्ती बघायची.

गेल्या चैत्रात आम्ही कल्याणपलीकडच्या एका आगरी गावच्या जत्रेला गेलो. पैलवानही रजा टाकून बरोबर आला, कान ताठ करून. मैदानात तांबडी माती, कडेला माणसांची चार पदरी भिंत, आणि माईकवर एक गृहस्थ बक्षिसांच्या रकमा पुकारत होते. नातू म्हणाला, “आजोबा, एंट्री म्युझिक कधी लागणार?” तेवढ्यात दोन पोरे आत आली, मातीला हात लावून पाया पडली, सलामी झाली. पैलवान आमच्या कानाशी “पट काढतोय... न्हाई... आता ढाक लावंल बगा...” असे पुटपुटत होता. लावलीच. एक पोर हवेत गेले आणि पाठीवर आले. सगळे मिळून चाळीस सेकंद.

“एवढ्यात संपली?” नातू म्हणाला.

“खरी होती ना,” मी म्हणालो.

मग तो उसाच्या रसाच्या गाडीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. बघायला गेलो तर टेम्पोआड हरलेले पोर बसले होते. अंगाला माती, तोंड गुडघ्यात. आमचा नातू चार हात लांब, हातात रसाचा ग्लास धरून नुसता उभा. मला म्हणाला, “आजोबा, तो खरंच रडतोय.” थोड्या वेळाने त्याने तो ग्लास त्या पोराजवळ ठेवला आणि मुकाट्याने माझ्याबरोबर चालू लागला. लोकलमध्ये पैलवानाला त्याने एकच प्रश्न विचारला, “मामा, तुमच्या पुतण्याला रोज किती बदाम लागतात?”

घरी आल्यावर त्याने पट्टा विकत घेण्यासाठी साठवलेल्या डब्यातून दोनशे रुपये काढून दिले. मी माझ्या निवृत्तिवेतनातून उरलेले घातले, आणि सोसायटीची वाट न बघता एक पावतीपुस्तक छापून घेतले. आता मी घरोघर फिरतो. नियम साधा आहे. रेसलमेनिया बघणाऱ्याने शंभर रुपये द्यावेत. न बघता तिला खोटी म्हणणाऱ्याने दोनशे.

परवा मास्तर दारात आले. नेहमीप्रमाणे टीव्हीकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या हातातले पुस्तक त्यांना दिसले. ते थांबले. मग जरा खाकरून म्हणाले, “ती जत्रेतली कुस्ती बघून आलात म्हणे. खरी होती का हो?”

मी म्हणालो, “आधी पावती फाडू द्या. मग सांगतो.”